ज्याची सावड नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘सामाजिक भांडवल’ हा शब्दप्रयोग समाजवादी माणसाच्या कानाला खटकतो, आणि तो खटकावा हे स्वाभाविक आहे. भांडवल म्हटले की नफा आला, मालकी आली. शेजारधर्मालाही जमाखर्चाच्या वहीत बसवू पाहणाऱ्या अर्थशास्त्राविषयी संशय बाळगलेला बरा. परंतु या शब्दाला आजचा अर्थ देणाऱ्यांत जे अगदी आरंभीचे, ते कुणी सावकार वा पेढीवाले नव्हते. एल. जे. हॅनिफन हे अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया या कोळसाखाणींच्या डोंगराळ प्रांतात खेड्यांतील शाळांची देखरेख करणारे गृहस्थ. १९१६ साली त्यांनी मांडले ते इतकेच, की स्नेह, सहानुभूती, शेजाऱ्यापाजाऱ्यांची उठबस हीसुद्धा एका अर्थाने गावाची मालमत्ता होय. एकटे कुटुंब स्वतःच्या बळावर दुबळे असते, शेजाऱ्यांशी त्याचे संबंध जडले म्हणजे ते पुष्कळ काही करू शकते. पुढे प्राध्यापकांनी त्यावर ग्रंथ रचले, तो भाग वेगळा.

मराठी खेड्याला हे सांगायला अमेरिकेची गरज नव्हती. सावड, पैरा, इर्जिक हे शब्द त्याच मालमत्तेचे आहेत. ज्याच्या दावणीला एकच बैल तो दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशी पैरा करी आणि दोघांची नांगरट होई. इर्जिकेत एकाच्या रानात अनेकांचे नांगर एकाच दिवशी उतरत आणि घरधनी सर्वांना जेवू घाली. भाताची लावणी सावडीने उरके. आज या घरची माणसे त्या घरच्या खाचरात, उद्या त्या घरची या घरच्या. ट्रॅक्टरने आणि रोख मजुरीने यातले बरेच मोडले, तरी ते पुरते नाहीसे झालेले नाही. सावडीची वही कुणी लिहीत नाही. ती प्रत्येकाच्या डोक्यात असते. आणि तिचा हिशेब शेताच्या बांधाशी थांबत नाही. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला वाहन कुणाचे मागायचे, मुलीसाठी स्थळ कुणी सुचवायचे, तलाठ्याकडे सोबत कोण येणार, मयताला माणसे किती जमणार, हे सारे त्याच न लिहिलेल्या वहीवरून ठरत असते.

आता या वहीत ज्याचे खातेच उघडलेले नाही अशा माणसाचा विचार करा. लहानपणी पोलिओने पाय गेलेला एखादा माणूस लावणीच्या चिखलात उभा राहू शकत नाही. तो सावडीला दिवस देऊ शकत नाही, म्हणून दिवस घेऊही शकत नाही. गाव निर्दय असते म्हणून असे घडते, असे मुळीच नाही. गाव त्याला चहा पाजते, सणासुदीला त्याच्या घरी ताट पाठवते, त्याची विचारपूसही करते. परंतु कुणी त्याचे देणे लागत नाही. माणसाला चार माणसांत उभे करते ते दुसऱ्याकडून त्याला मिळालेले नव्हे; दुसऱ्यावर त्याचे काही राहिलेले असणे, हे त्याला उभे करते. दानाने पोट भरते, खाते उघडत नाही.

ही केवळ जुन्या खेड्याची रीत आहे असे समजून समाधान मानू नये. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने काढलेल्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिने लाखो कुटुंबे जगवली, याविषयी दुमत नाही. परंतु त्या कामांवर मजुरी मिळे ती खोदलेल्या मातीच्या मापावर आणि ती वाटली जाई टोळीत. ज्या टोळीत एक अधू माणूस, त्या टोळीची चौकडी लहान पडणार आणि प्रत्येकाच्या पदरात कमी पडणार. मग टोळी जमवताना त्या माणसाला वगळणारा मुकादम दुष्ट होता असे म्हणता येईल काय? मापाची पद्धतच त्याला वगळीत होती. मजुरांना पाणी पाजणे, कामावर आलेल्या बायकांची मुले सांभाळणे ही कामे त्याच कामावरची, त्याच हजेरीपटावरची. परंतु ती कृपा म्हणून द्यावयाची कामे मानली गेली, हक्काची नव्हेत. श्रमाच्या मूल्याविषयी इतके बोलणाऱ्या चळवळींनी ही गोष्ट लढ्याचा विषय क्वचितच केली.

२०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती मोजल्या. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. देशातील या व्यक्तींपैकी ६९ टक्के ग्रामीण भागात राहणाऱ्या होत्या. काम करणाऱ्यांचे प्रमाण ३६ टक्के निघाले. स्त्रियांमध्ये ते २३ टक्क्यांच्या आसपास. हे आकडे रोजगाराचे म्हणून वाचले जातात. ते संबंधांचेही आकडे आहेत. कामावर जाणारा माणूस मजुरी आणतो आणि मजुरीबरोबर ओळखी आणतो. ज्याला काम नाही त्याची ओळख उंबऱ्याच्या आत राहते. अपंग स्त्रीच्या बाबतीत तर उंबराही तिचा नसतो. प्रथम बापाचा, मग भावाचा; आणि भावाच्या संसारात तिची जागा कोणती हे भावजयीच्या स्वभावावर अवलंबून.

ज्या घरात मतिमंद किंवा बहुविकलांग मूल आहे त्या घरात एक प्रश्न रात्री उशिरा, दिवा मालवल्यावर विचारला जातो: माझ्यामागे याचे काय? हा प्रश्न बहुधा आई विचारते. पैशाची चिंता त्यात आहेच, परंतु केवळ पैशाची नाही. त्या मुलाला जगात ओळखणारे, त्याच्या हातवाऱ्यांचा अर्थ जाणणारे, त्याला भूक लागली की दुखते आहे हे सांगू शकणारे माणूस एकच आहे, हे तिला ठाऊक असते. इतरांचे लागेबांधे शंभर माणसांत विखुरलेले असतात. एक गेला तर दुसरा असतो. या मुलाची सारी पुंजी एका माणसात ठेवलेली आहे आणि ते माणूस म्हातारे होत चालले आहे. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची व्यवस्था त्यात आहे आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या आहेत. कायदा चांगला आहे. तथापि समिती पालक नेमू शकते, शेजारी नेमू शकत नाही.

येथे ‘अपंगत्व’ या शब्दाचाच थोडा विचार करावयास हवा. इंग्लंडमध्ये १९७२ साली पॉल हंट या अपंग लेखकाने ‘गार्डियन’ वृत्तपत्रात एक पत्र लिहून अपंगांना संघटित होण्याचे आवाहन केले. स्नायूंच्या विकाराने ग्रासलेल्या हंट यांनी तारुण्याची अनेक वर्षे अशाच माणसांसाठी चालवलेल्या एका निवासगृहात काढली होती. त्या पत्रातून जी संघटना जन्मली तिने १९७६ मध्ये एक मूलभूत भेद मांडला: पाय नसणे ही शरीराची अवस्था आहे, परंतु पाय नसलेल्याला समाजजीवनातून बाहेर ठेवणे ही समाजाने लादलेली गोष्ट आहे आणि अपंगत्व म्हणायचे ते या दुसऱ्या गोष्टीला. त्या संघटनेचे एक प्रमुख विचारवंत व्हिक फिंकेलस्टाइन हे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्धच्या कामासाठी तुरुंगात गेलेले आणि मग देशाबाहेर पडावे लागलेले अपंग कार्यकर्ते होते. माणसांना वेगळे ठेवण्याची व्यवस्था कशी चालते हे त्यांनी एकदा कातडीच्या रंगावरून पाहिले होते, दुसऱ्यांदा चाकाच्या खुर्चीवरून.

आपल्याकडे मात्र शब्द बदलत राहिले. अपंग गेले, विकलांग आले. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि सरकारी पाट्या रंगवल्या गेल्या. अनेक अपंग संघटनांनीच या शब्दाला हरकत घेतली होती. अंगात दिव्यत्व आले, परंतु कचेरीच्या पायऱ्या होत्या तितक्याच उंच राहिल्या.

तेव्हा प्रश्न असा की ज्याचे खाते नाही त्याचे खाते उघडते कसे? याचे एक उत्तर सॅन फ्रान्सिस्को शहरात १९७७ साली मिळाले आणि ते विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचे एक छोटे कलम होते. संघराज्य सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. त्याचा नमुना काळ्या लोकांच्या लढ्यातून निघालेल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावरून घेतलेला. शाळा, इस्पितळे, विद्यापीठे असे सारेच त्याच्या कक्षेत येत होते, म्हणून नियमांवर सही होईना. निक्सन गेले, फोर्ड गेले, कार्टर आले. चार वर्षे उलटली. अखेर ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या कचेऱ्यांवर निदर्शने झाली आणि काही ठिकाणी अपंग माणसे कचेरीतच बसून राहिली.

राजधानी वॉशिंग्टनमधील ठिय्या सुमारे २८ तासांत संपला. अन्न आत जाऊ दिले नाही. इतर शहरांतही आंदोलने लवकरच मोडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमारतीत मात्र सुमारे दीडशे माणसे चौथ्या मजल्यावर तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकली. तेथील अपंग अधिक शूर होते असे नव्हे. फरक होता तो बाहेरच्या लोकांत.

जेवण पुरवले ते ब्लॅक पँथर पक्षाने, रोज, गरम. आणि पँथर तेथे आले ते केवळ तत्त्वासाठी आले नव्हते. ब्रॅड लोमॅक्स हा त्यांचाच कार्यकर्ता ठिय्यात होता. मज्जासंस्थेच्या विकारामुळे तो चाकाच्या खुर्चीत होता आणि त्याची शुश्रूषा करणारा चक जॅक्सन हाही पँथरच. लोमॅक्सने त्यापूर्वीच, १९७५ मध्ये, अपंगांच्या बर्कलेतील स्वावलंबन केंद्राची शाखा पूर्व ओकलंडच्या काळ्या वस्तीत काढण्यासाठी त्या केंद्राचे संस्थापक एड रॉबर्ट्स यांच्याशी बोलणी केली होती. म्हणजे दोन वस्त्यांमधला पूल आधी बांधलेला होता. शिवाय ओकलंडमध्ये शाळकरी मुलांना न्याहारी देण्याचा पँथरांचा उपक्रम १९६९ पासून चालू होता. मोठ्या संख्येने जेवण रांधण्याची त्यांना सवय होती. क्रांतीच्या गप्पा पुष्कळ जण करतात, परंतु मोठे पातेले कुणाकडे आहे हा प्रश्न आंदोलनात निर्णायक ठरतो.

हे लागेबांधे आपोआप जुळले नव्हते. ते जुळवण्यात मोठा वाटा किटी कोन या स्त्रीचा होता. स्नायूंच्या विकारामुळे ती स्वतः चाकाच्या खुर्चीत असे. ती समाजवादी पक्षकार्यकर्ती होती आणि व्हिएतनाम युद्धविरोधी चळवळीत तिने संघटना बांधण्याचे धडे घेतले होते. ठिय्या सुरू होण्याआधीच चर्च, कामगार संघटना, नागरी हक्कवाले या सर्वांना गाठून पाठिंबा मिळवण्याचे काम झालेले होते. व्यसनमुक्तांच्या एका संस्थेने अन्न दिले. महापौरांनी गाद्या पाठवल्या. फोन तोडले गेले तेव्हा आतील बहिऱ्या माणसांनी खिडकीत उभे राहून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप दिले. ज्या भाषेला सारे जण उणीव समजत होते ती त्या दिवशी सर्वांची तार झाली. आत माणसे एकमेकांची शुश्रूषा करीत होती. ज्याला रात्री कूस बदलता येत नाही त्याला अंगाला जखमा पडू नयेत म्हणून दुसरा उठून वळवी. आंध‌ळा लंगड्याची खुर्ची ढकली, लंगडा आंधळ्याला वाट सांगे, ही बालबोध पुस्तकातली गोष्ट तेथे दिनचर्या झाली होती.

पुढे प्रतिनिधींची एक तुकडी वॉशिंग्टनला गेली, तेव्हा यंत्रकामगारांच्या संघटनेने खुर्च्यांसकट त्यांना नेण्यासाठी मालट्रकची सोय केली. २८ एप्रिलला मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी नियमांवर सही केली आणि ३० एप्रिलला माणसे इमारतीबाहेर आली. या लढ्यातील एक नेत्या जूडिथ ह्यूमन यांना लहानपणी चाकाच्या खुर्चीमुळे आगीचा धोका म्हणून शाळेने नाकारले होते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचे हे काम जगभर पोचले होते.

या प्रसंगाचे मर्म असे की अपंगांनी तेथे मदत घेतली, परंतु याचक म्हणून घेतली नाही. पँथर, कामगार, धर्मगुरू या सर्वांच्या लढ्याला लागेल असे काहीतरी त्यांच्याजवळ होते: कुणालाही सहज उचलून बाहेर काढता येत नाही असे त्यांचे शरीर आणि न हटण्याचा निर्धार. सावडीत त्यांनी त्यांचा दिवस दिला.

भारतातही हेच वेगळ्या रीतीने घडले आहे. १९ डिसेंबर १९९५ रोजी जावेद अबिदी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने दिल्लीत अपंगांनी निदर्शने केली आणि २२ डिसेंबरला संसदेने अपंग व्यक्तींचा कायदा संमत केला. १९९१ च्या जनगणनेत अपंगांची मोजणीच नव्हती. ती २००१ मध्ये झाली तीही झगडल्यावर. २०१६ च्या नव्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेल्या. सार्वजनिक इमारती सुगम करण्याची मुदतही घातली. परंतु ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतूडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की सुगमतेचा जो नियम सरकारने केला तो केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने कायद्याशी विसंगत आहे. सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा. कायद्यात ‘करावेच लागेल’ असे लिहिलेले, नियमात ‘करता आले तर पाहा’. नोकरशाहीचे व्याकरण नेहमी असेच असते.

महाराष्ट्राने या क्षेत्रात थोर माणसे पाहिली आहेत. आनंदवनाविषयी सांगावे असे काही उरलेले नाही. परंतु आनंदवनाचा गौरव करताना एक अवघड गोष्ट विसरली जाते: बरी झालेली माणसे त्यांच्या गावी परत जाऊ शकत नव्हती, म्हणून त्यांना नवे गाव वसवावे लागले. ते गाव त्यांचे यश आहे आणि उरलेल्या सर्व गावांचे अपयश आहे. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात २०१९ पर्यंत राहिले होते, इतके ते अपयश लांबले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची वाट थोडी निराळी. तरुणपणी कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या या बाईंना उभारी आली ती त्याच अवस्थेतून गेलेल्या एका माणसाच्या भेटीने, डॉक्टरांच्या उपदेशाने नव्हे. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह संस्था काढली, वसतिगृह केले, पुढे कोकणात काजूप्रक्रियेचे काम उभारले. काजू फोडून विकणारा माणूस गिऱ्हाइकाशी भावावरून घासाघीस करतो. त्या घासाघिशीत त्याला कुणी बिचारा म्हणत नाही.

खेड्यात अशी एक जागा पूर्वीपासून आहे, ती म्हणजे भजनी मंडळ. पेटीवर किंवा पखवाजावर आंधळा माणूस बसलेला असतो आणि त्याच्यावाचून एकादशीचे भजन अडते. शेजारच्या गावचे लोक त्याला बोलवायला येतात, त्याला गाडीवर बसवून नेतात, रात्री परत आणून सोडतात. त्याच्याविषयी कुणी कळवळ्याने बोलत नाही, उलट ताल चुकला तर त्याच्या शिव्या खातात. हे खाते उघडलेल्या माणसाचे लक्षण. परंतु जी जागा देवळात मिळाली ती सहकारी सोसायटीच्या संचालक मंडळात, दूध संकलन केंद्राच्या काट्यावर, शाळेच्या व्यवस्थापन समितीत का मिळू नये? आंधळ्याने गावेच, अशी सक्ती कोणी केली?

आणि चळवळींचे काय? पुरोगामी म्हणवणाऱ्या संघटनांची किती कार्यालये, किती वाचनालये, किती सभागृहे जिन्यावर आहेत, याची मोजणी करण्यास सरकारी अनुदान लागत नाही. अपंगांचा प्रश्न जागतिक दिनी, ३ डिसेंबरला, एका ठरावात बसवला जातो. ठरावाच्या सूचकाला तो जिना चढता आला, म्हणूनच तो सूचक झाला. एखादा कार्यकर्ता अपघातात पाय गमावतो तेव्हा त्याच्यासाठी निधी गोळा होतो, आणि तो मनापासून होतो. परंतु सहा महिन्यांनी त्याला बैठकीचे निमंत्रण पाठवण्याचे थांबते, त्याला त्रास नको म्हणून. त्याची सावड अशी सोयीने, आपुलकीने बंद होते.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावी असा महाराष्ट्रात नियम आहे. ती रक्कम बहुधा वर्षअखेरीस वस्तू वाटून किंवा थोडे पैसे देऊन संपवली जाते. फोटो निघतो, यादीवर अंगठे होतात. त्याच रकमेतून चावडीला उतार बांधता येतो, खुणांची भाषा जाणणाऱ्याला ग्रामसभेच्या दिवशी बोलावता येते, एखाद्या अंध तरुणाला पंचायतीच्याच कामावर मानधन देता येते. तमिळनाडूच्या विधानसभेने एप्रिल २०२५ मध्ये स्थानिक संस्थांवर अपंग व्यक्तींचे नामनिर्देशन करण्याची तरतूद संमत केली. नामनिर्देशन म्हणजे निवडणूक नव्हे आणि खुर्ची मिळाली म्हणजे शब्दाला वजन येतेच असे नाही. तरीही जो माणूस यादीत लाभार्थी म्हणून होता तो सभेत सभासद म्हणून बसतो, हा फरक लहान नाही.

महाराष्ट्रात त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. ५ टक्के निधीची यादी त्या सभेत वाचून दाखवण्याची मागणी कोणत्याही मतदाराला करता येते. आणि यादी वाचून झाल्यावर, त्यातली किती माणसे येथे हजर आहेत आणि जी नाहीत ती कोणत्या पायरीपाशी थांबली, हेही त्याला त्याच सभेत विचारता येते.